सोसणाऱ्या बाईचे कौतुक आता पुरे!



गेल्या महिन्यात नातेपुते येथे आमच्या वस्तीतील एका आक्कांचा जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील झाले, भंतेजींची धम्मदेसना झाली आणि रिवाजाप्रमाणे आदरांजलीची भाषणे सुरू झाली. पाच-सहा वक्ते बोलले. प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य फिरून फिरून येत होते, "आक्कांनी एवढा मोठा आजार सोसला, पण तोंडातून कधी ब्र काढला नाही." बाया पदराने डोळे पुसत होत्या, बापे माना डोलवत होते. आम्हालाही बोलायला उठवले. पण आमच्या तोंडून शब्द फुटेना. दोन फुले वाहिली आणि खाली बसलो.

कारण आक्कांचे ते सोसणे किती अनाठायी होते, हे आम्हाला ठाऊक होते. त्यात आमचाही वाटा होता. त्या दिवशी जे बोलता आले नाही, ते आज या सदरातून लिहीत आहोत.

आक्कांच्या छातीत गाठ झाली होती. वर्षभर त्यांनी ती कुणाला दाखवली नाही. जागा अशी की सांगायची लाज. गाठ फुटायला आली तेव्हा सुनेच्या ध्यानात आले. तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला आणि तो कमरेच्या हाडापर्यंत पोहोचलेला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले की आजार मुळापासून जाणार नाही, पण औषधांनी आवरता येईल, चांगले दिवस वाढवता येतील. केमोची सलाइने सुरू झाली.

आम्ही पडलो कारकून. कागदाचे काम म्हटले की आमचा हात कुणी धरू नये. रेशनकार्ड, आधार, तपासणीचे रिपोर्ट, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी, सगळे आम्ही केले. ही योजना राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला सोलापूर जिल्हा होता, हे आम्ही दहा जणांना अभिमानाने सांगतो. आक्कांच्या फायलीत एकही त्रुटी निघाली नाही. जाता-येता आम्ही विचारायचो, "काय आक्का, कसं काय?" त्या म्हणायच्या, "बरं हाय की भाऊ." आमचे समाधान व्हायचे.

शिमग्याच्या सुमारास त्यांची सून बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून आमची पत्नी दोन रात्री आक्कांकडे सोबतीला राहिली. सकाळी ती घरी आली ती रडतच. आक्का रात्री आडव्या होतच नव्हत्या. भिंतीला पाठ टेकून बसायच्या आणि पदराचा बोळा तोंडात धरायच्या. का, तर कण्हण्याने नातवंडांची झोप मोडेल! "कवापासनं असं हाय?" असे विचारले तर म्हणाल्या, "दसऱ्यापासनं."

दसरा ते शिमगा, म्हणजे पाच महिने. दीडशे रात्री. आणि त्यांचे घर आमच्या घरापासून चाळीस पावलांवर!

डॉक्टरांना का सांगितले नाही, याचे त्यांनी दिलेले उत्तर प्रत्येक वाचकाने नीट वाचावे. त्या म्हणाल्या, "औशद चालू हाय म्हटल्यावर दुखणारच की. आन् लई कुरकुर केली तर डाक्टर म्हंत्याल, हिला झेपंना, करा बंद. मग?" म्हणजे दुखते असे सांगितले तर उपचारच बंद पडतील, ही भीती. दुसरे कारण त्यांनी हळूच सांगितले. शेजारची एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "मागल्या जल्माचं भोग हायती बाई, भोगूनच संपवायचं." मधल्या काळात त्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दुखण्याच्या गोळ्या आणून खात होत्या. त्याने पोटात आग पडायला लागली, म्हणून जेवणही तुटले.

आता या समजुतींचा एकेक करून निकाल लावू.

पहिली समजूत, "कॅन्सर म्हटल्यावर दुखणारच." हे खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या तीन पायऱ्या सांगितल्या. दुखणे कमी असेल तर साधी औषधे, वाढले तर मध्यम आणि जोराचे असेल तर मॉर्फिनसारखे जोरकस औषध. २०१८ साली संघटनेने मार्गदर्शन सुधारले. पायऱ्यांपेक्षा त्या त्या रुग्णाची गरज पाहा, यावर भर दिला. पण मूळ सूत्रे तीच राहिली. औषध शक्यतो तोंडाने द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे, माणूस पाहून द्यावे. घड्याळाप्रमाणे म्हणजे दुखायला लागण्याची वाट न पाहता. चुलीतला जाळ भडकल्यावर पाणी शोधण्यापेक्षा तो भडकूच न देणे सोपे, असे आम्हाला डॉक्टरांनी समजावले.

शिवाय प्रत्येक दुखणे एकसारखे नसते. आजार हाडात गेला असेल तर त्या जागी लाईट देतात. पुष्कळदा एकाच बैठकीत काम होते आणि काही दिवसांपासून दोन-चार आठवड्यांत अनेकींना उतार पडतो. हाडे बळकट करणारी इंजेक्शनेही असतात. शिरेचे दुखणे वेगळे. ते जळजळते, मुंग्या येतात, वीज चमकल्यासारखी कळ येते. त्याला नेहमीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, त्याची औषधे निराळी. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजतो, त्याला व्यायाम आणि पट्टा लागतो. म्हणून नुसते "दुखतंय" म्हणून भागत नाही. कुठे, कसे आणि कधी, हे सांगावे लागते.

दुसरी समजूत, "मॉर्फिन म्हणजे नशा, ते सुरू केले म्हणजे संपलेच." डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन घेणारी व्यक्ती सहसा व्यसनी होत नाही. त्या औषधाने मरण जवळ येत नाही. उपचार चालू असतानाही ते घेता येते, केमो बंद करावी लागत नाही. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती बहुतेकींची ओसरते. बद्धकोष्ठ मात्र होतेच, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून घ्यावे लागते. गोळ्या एकदम बंद करू नयेत, कुलपात ठेवाव्यात आणि दुसऱ्या कुणाला कधीही देऊ नयेत.

यात कायद्याचाही एक भाग आहे. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. अफूपासूनच मॉर्फिन बनते. म्हणजे औषध आपल्याच मातीत पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी जंत्री लावली की पुष्कळ दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. नशेबाजाला आवरण्यासाठी केलेला कायदा कण्हणाऱ्या रुग्णावर बसला. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना अशी औषधे ठेवणे सोपे झाले. कायदा बदलला, पण औषध आपल्या गावापर्यंत आपोआप चालत येत नाही. ते मागावे लागते, आणि मागायचे तर आधी दुखते हे सांगावे लागते.

तिसरी समजूत, "मागल्या जन्माचे भोग." ही समजूत आपल्या वस्तीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून कुणी बोलावी, याची आम्हाला लाज वाटते. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत स्पष्ट शब्दांत नाकारला आहे. गोरगरिबांच्या दैन्याची जबाबदारी राज्याने आणि समाजाने टाळावी, यापलीकडे त्या सिद्धांताचा उपयोग दिसत नाही, असा त्यांचा आशय आहे. दुखण्याचेही तसेच आहे. भोग म्हटले की नवरा सुटला, मुलगा सुटला, दवाखाना सुटला आणि आमच्यासारखा कार्यकर्ताही सुटला. अडकून राहिली ती एकटी बाई. बाबासाहेबांनी स्वतः मधुमेह आणि पायांच्या वेदना अंगावर घेऊन हा ग्रंथ लिहिला. त्यांनीही डॉक्टरांचे उपचार घेतले. आपल्या दुखण्याला त्यांनी गतजन्मीचे भोग म्हटले नाही.

तथागतांनी वेदनेवर एक दृष्टांत दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराचा. त्यावर तो शोक करतो, घाबरतो, तळमळतो, तो दुसरा बाण, मनाचा. शहाणा माणूस हा दुसरा बाण लागू देत नाही. हा दृष्टांत आपल्या विहारात आपण अनेकदा ऐकला आहे. पण काही जण याचा अर्थ लावतात की मन घट्ट केले की झाले, औषध कशाला? बंधू-भगिनींनो, तथागतांनी पहिला बाण तसाच रुतू द्या असे कुठेही सांगितलेले नाही. आजारी पडल्यावर त्यांनी स्वतः जीवक वैद्याचे औषध घेतले. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला त्यांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून बिछान्यावर निजवले आणि संघाला बजावले की माझी सेवा करावीशी वाटत असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. पहिला बाण डॉक्टरांनी काढायचा, दुसरा काढायला घरच्यांनी आणि समाजाने हात लावायचा. दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत.

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स या बाईंनी हेच निराळ्या शब्दांत मांडले. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी असाध्य रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णालय उघडले. दुखणे एकट्या अंगाचे नसते, मनाचे, पैशाअडक्याचे, नात्यागोत्याचेही असते आणि ते सगळे मिळून एकच दुखणे होते, असे त्यांचे म्हणणे. आक्कांचे पाहा. हाड ठणकत होते हे खरेच. पण नातीच्या लग्नाचे कर्ज, केस गेले म्हणून कार्यक्रमाला न जाणे, जखमेला वास येतो म्हणून लांब बसणे, हेही त्याच दुखण्यात होते.

पुढे काय झाले ते सांगतो. पुढच्या खेपेला आम्ही आणि पत्नी दोघेही आक्कांबरोबर गेलो. डॉक्टरांनी विचारले, "आजी, दुखतं का काही?" आणि आक्का म्हणाल्या, "न्हाय साहेब, बरं हाय!" आमची पत्नी मध्ये बोलली म्हणून बरे. तिने त्या दीडशे रात्री सांगितल्या. डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले, पुन्हा तपासले आणि वेदनाशमन विभागात, म्हणजे ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात तेथे पाठवले. मेडिकलच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. कमरेला एकदा लाईट दिली. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. केमो बंद पडली नाही.

डॉक्टरांनी विचारले, "शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" आक्कांना ते उमगेना. मग आम्ही म्हटले, "आक्का, रुपयात किती आणे दुखतंय?" लगेच म्हणाल्या, "चौदा आणे." हा हिशेब त्यांच्या आयुष्याचा होता. त्याच दिवशी आम्ही एक शंभर पानी वही आणली आणि किर्दीसारखे रकाने आखले. तारीख, वेळ, कुठे दुखते, किती आणे, कोणती गोळी, तासाभराने किती आणे, आणि शौचास झाले की नाही. सातवीतला नातू लिहायचा, आजी सांगायची. पंधरा दिवसांनी वही पाहून डॉक्टरांच्या ध्यानात आले की दुपारी तीन-चारच्या दरम्यान दुखणे रोज बारा आण्यांवर जाते. त्यांनी गोळीचे प्रमाण बदलले आणि मध्येच कळ आली तर घ्यायची जादा गोळीही लिहून दिली. महिन्याने वहीत तीन-चार आणे दिसू लागले. आक्का आडव्या झोपू लागल्या.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. देशातील ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. कुणाला कोणता कॅन्सर झाला, याची नोंद तिच्यात होते. पण कुठल्या घरात कोणती बाई रात्रभर भिंतीला टेकून बसते, याची नोंद कोण करणार? ती वही आपल्या घरातच घालावी लागेल.

आता कामाच्या गोष्टी. कापून ठेवाव्यात.

१) डॉक्टर विचारोत न विचारोत, प्रत्येक खेपेला दुखणे सांगा. रुग्ण बाई असेल तर सोबत एक बाई न्याच. पुरुषासमोर छातीचे दुखणे सांगायला जीभ रेटत नाही.

२) मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका. काही वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड बिघडते.

३) लाईट दिलेल्या जागी हळद, चुना, झाडपाला, बाम काही लावू नका. सैल सुती कपडा वापरा. तोंड आले असेल तर मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा, तिखट टाळा.

४) ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, त्या हातात घट्ट बांगड्या नकोत, त्या हाताने हंडा-कळशी नको.

५) जखमेला वास येत असेल तर लाजू नका. त्यावर औषध असते, डॉक्टर लिहून देतात. पट्टी बदलताना फार दुखत असेल तर आधी गोळी द्यावी का, हे त्यांनाच विचारा.

६) पाठ दुखत असताना अचानक पायातले बळ गेले, लघवी-शौचाचा ताबा सुटला, किंवा केमो चालू असताना ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात न्या.

७) गोळीचा गुण येईपर्यंतचा वेळ कठीण असतो. तेव्हा जवळ बसा, हात हातात घ्या, आनापान करता येत असेल तर श्वासाकडे लक्ष द्यायला सांगा. याने दुसऱ्या बाणाचा जोर कमी होतो. मात्र हे गोळीच्या जोडीला करायचे, गोळीऐवजी नव्हे.

८) मोफत आधार आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे वेदनाशमन केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देते. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना हे देशातील पहिले असे सेवागृह १९८६ साली सुरू झाले. परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागले तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे रुग्ण आणि नातेवाईक राहतात. पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या संस्थेच्या हवाली करणारे ते गाडगेबाबा.

आषाढात माउलींची पालखी आमच्या नातेपुत्यात मुक्कामाला असते. त्या रात्री गावातली माणसे अनोळखी वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळतात. चालून आलेल्याचे पाय दुखत असणार, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. मग चाळीस पावलांवरच्या बाईची कंबर दुखत असेल, हे आम्हाला पाच महिने का कळू नये? आम्ही तिचे कागद पाहत होतो, तिला पाहत नव्हतो. ही चूक आम्ही येथे कबूल करतो.

आक्का पुढे दहा महिने जगल्या. १४ एप्रिलला ओट्यावर खुर्ची टाकून त्यांनी मिरवणूक पाहिली. बुद्धपौर्णिमेला विहारात बसून खिरीचे तांदूळ निवडले. शेवटच्या आठवड्यात वहीत नातवाने लिहिले आहे, "रात्र, दोन आणे, आजी झोपली." ती वही त्यांच्या मुलाने आम्हाला आणून दिली. तिची पहिली पाने कोरी आहेत असे आम्हाला नेहमी वाटते. त्या दीडशे रात्री तिच्यात नाहीत.

म्हणून महिला मंडळांना आमची विनंती आहे. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की आपल्या वस्तीत कोण कोण आजारी आहे याची यादी करा आणि दोघी-दोघी मिळून त्यांच्या घरी जा. "कशा आहात?" असे विचारू नका, त्याचे उत्तर "बरं हाय" हेच येते. जवळ बसा आणि विचारा, "कुठं दुखतंय? रुपयात किती आणे?" आणि पुढच्या पुण्यानुमोदनाला उभे राहाल, तेव्हा तिने किती सोसले हे सांगू नका. तिचे दुखणे कमी व्हावे म्हणून आपण काय केले, ते सांगता आले पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!